पुठ्ठ्यावर उत्तम, पडद्यावर मध्यम : सांगलीतील गेम डिझाइन पदवीविषयी अभिप्राय

सांगली-मिरज रस्त्यावरील एका महाविद्यालयात गेम डिझाइन आणि डेव्हलपमेंट या विषयाचा तीन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम चालतो. तो मी २०२२ साली सुरू केला आणि २०२५ साली पूर्ण केला. त्याआधी माझे बी.कॉम. झाले होते आणि मार्केट यार्डातील एका हळदीच्या अडत दुकानात दोन वर्षे मी पट्ट्या आणि खतावण्या लिहीत होते. त्यामुळे बारावी होऊन थेट आलेल्या वर्गमित्रांपेक्षा मी वयाने पाच वर्षांनी मोठी होते आणि शुल्काचा प्रत्येक हप्ता माझ्याच बचतीतून जात होता. पैसा स्वतःचा असला की माणूस वर्गातही भाव पाहूनच बसतो, आणि हा अभिप्राय मी त्याच नजरेने लिहीत आहे.

खर्चाचे आधी सांगते. माझ्या वर्षी वार्षिक शुल्क ५५ हजार रुपये होते. माहितीपत्रकात लॅपटॉपचा उल्लेख नव्हता, पण तो नसेल तर पहिल्या वर्षानंतर काम पुढे सरकत नाही, कारण लॅबमध्ये २० संगणक होते आणि विद्यार्थी २८. त्या २० पैकी निम्म्या संगणकांवर गेम इंजिन, म्हणजे खेळ बांधण्याचे मूळ सॉफ्टवेअर, उघडायलाच चहा पिऊन येण्याइतका वेळ लागत असे. वेगळे ग्राफिक्स कार्ड असलेल्या लॅपटॉपसाठी मला ६२ हजार रुपये मोजावे लागले. तासगाव आणि जतकडून एस.टी.ने ये-जा करणाऱ्या मुलांना हा खर्च दुसऱ्या वर्षाच्या तोंडावर कळला, आणि त्यांतील दोघांनी तिथेच शिक्षण सोडले. प्रवेशाच्या दिवशीच हे स्पष्ट सांगायला हवे होते.

आता चांगल्या भागाकडे येते, कारण तो खरोखर चांगला आहे. पहिल्या सत्रात ‘खेळरचनेची मूलतत्त्वे’ असा एक विषय आहे आणि त्या संपूर्ण सत्रात संगणकाला हात लावायचा नसतो. साहित्य म्हणजे पुठ्ठा, कात्री, फासे, सोंगट्या आणि शिसपेन्सिल. गेम शिकायला आलेल्या मुलांचे चेहरे पहिल्या दिवशी चांगलेच उतरले होते. मॅडमनी सुरुवात सापशिडीने केली. मोक्षपट हा या खेळाचा आपल्याकडचा पूर्वज, आणि परंपरा त्याचे श्रेय संत ज्ञानेश्वरांना देते, एवढे सांगून त्यांनी विचारले की सापशिडी खेळताना खेळाडू नेमका कोणता निर्णय घेतो. वर्ग बराच वेळ गप्प होता, कारण उत्तर ‘एकही नाही’ असे होते. फासा पडतो, सोंगटी चालते आणि साप गिळतो; या सगळ्यात खेळाडू हा केवळ सोंगटी उचलणारा हात असतो. त्यानंतर त्यांनी सारीपाट मांडला. तिथेही दान नशिबाचेच असते, पण पडलेले दान कोणत्या सोंगटीवर खर्च करायचे हे खेळाडू ठरवतो, आणि त्या एका मोकळिकीमुळे तोच फासा माणसाला विचार करायला लावतो. नियम, नियमांतून उपजणारे वर्तन आणि त्या वर्तनातून खेळाडूच्या मनात उमटणारी भावना अशी तीन पातळ्यांची एक मांडणी २००४ मध्ये पुढे आली आणि आज ती जगभर शिकवली जाते. ती आम्हाला इंग्रजी व्याख्येच्या रूपाने नंतर भेटली, पण समजली होती ती या दोन पटांवरच.

सत्राच्या शेवटी प्रत्येक गटाला एक पटखेळ करायचा होता. आमच्या चौघांच्या गटाने हरिपूरची पेवे हा विषय घेतला. कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या हरिपुरात हळद साठवण्यासाठी जमिनीत पेवे खणलेली असत, आणि २००५ च्या महापुरात त्यांत पाणी शिरून बरीच पेवे निकामी झाली, हे सांगलीकराला वेगळे सांगावे लागत नाही. खेळ असा होता : प्रत्येक खेळाडू व्यापारी, त्याच्याकडे तीन पेवे, दर फेरीला बाजारभावाचे एक पान उघडायचे आणि पोती विकायची की पेवात ठेवायची हे ठरवायचे. पुरासाठी आम्ही फासा ठेवला होता. सहा पडला की पेवातली सगळी हळद गेली. आम्हाला ही कल्पना फार थरारक वाटत होती. वर्गाने ती खेळली आणि तिसऱ्या फेरीनंतर निम्मे खेळाडू मोबाइल पाहू लागले.

मॅडमनी टीका केली नाही, फक्त फळ्यावर एक हिशेब मांडला. दर फेरीला सहा पडण्याची शक्यता सहात एक असेल, तर चार फेऱ्या सुखरूप जाण्याची शक्यता निम्म्याहून किंचित कमी उरते आणि दहा फेऱ्या कोरड्या जाण्याची शक्यता जेमतेम १६ टक्के. म्हणजे शहाण्या व्यापाऱ्याने पहिल्याच फेरीत सगळे विकून घरी जावे, आणि जो थांबला तो हरला तरी त्याला आपली चूक काय झाली हे कळण्याचा मार्ग नाही. आम्ही धोका निर्माण केला होता, पण खेळाडूला त्याचा अंदाज घेण्याची सोयच ठेवली नव्हती. दुसऱ्या आवृत्तीत आम्ही फासा काढून टाकला आणि पटाच्या कडेला सांगलीतल्या कृष्णेवरील आयर्विन पुलाची पाणीपातळी मोजायची पट्टी काढली. दर फेरीला पावसाचे एक पान उघडायचे आणि पातळीची सोंगटी तितके फूट वर सरकवायची. ४० फुटांना, म्हणजे इशारा पातळीला, पोती हलवण्याचे भाडे दुप्पट. ४५ फुटांना, म्हणजे धोका पातळीला, सखल भागातली पेवे बुडाली. पावसाची पाने मोजकी होती, त्यामुळे कोणती येऊन गेली हे लक्षात ठेवणाऱ्याला पुढचा अंदाज बांधता येत असे. सगळ्यांनी एकदम हळद काढली तर भाव कोसळे, म्हणून समोरचा घाबरेपर्यंत आपण थांबायचे आणि त्याच्या एक फेरी आधी काढायचे, अशी चढाओढ आपोआप सुरू झाली. ३७ फुटांवर पाणी असताना आमच्या वर्गात जो गोंधळ झाला तो ऐकून शेजारच्या वर्गातील सर तक्रार घेऊन आले. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलेले पाहिलेल्या मुलांना ही पट्टी समजावून सांगण्याची गरज नव्हती, हेही खरे.

(एका आवृत्तीत आम्ही खेळाडूच्या हातात ‘कोयनेचा विसर्ग’ असे पानही दिले होते. व्यापाऱ्याच्या हाती धरणाचा दरवाजा कसा आला, एवढेच मॅडमनी विचारले आणि ते पान आम्ही निमूटपणे काढून टाकले.)

या एका विषयासाठी पूर्ण गुण द्यायला मी तयार आहे. अनोळखी माणसासमोर खेळ ठेवायचा, तो खेळत असताना आपण तोंड उघडायचे नाही, तो कुठे अडखळला आणि कुठे कंटाळला ते लिहून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी नियम बदलायचे, ही शिस्त मला तिथे लागली आणि आजही माझे पोट तिच्यावरच चालते. खेद याचा आहे की ही शिस्त पहिल्या सत्रानंतर अभ्यासक्रमातून जवळजवळ नाहीशी होते.

दुसऱ्या सत्रापासून युनिटी हे इंजिन आणि सी-शार्प ही भाषा सुरू होते. प्रोग्रामिंगचे सर तरुण होते आणि त्यांची पद्धत चुका करू देण्याची होती. पहिल्या प्रात्यक्षिकात त्यांनी एक चेंडू उजवीकडे सरकवायला सांगितला. आम्ही प्रत्येक फ्रेमला, म्हणजे पडद्यावर नव्याने उमटणाऱ्या प्रत्येक चित्राला, त्याची जागा ठरावीक अंतराने पुढे नेली. लॅबमधल्या नव्या संगणकावर तो बंदुकीच्या गोळीसारखा गेला आणि माझ्या जुन्या मोबाइलवर गोगलगायीसारखा चालला. नवा संगणक सेकंदाला कितीतरी जास्त फ्रेम काढतो आणि म्हणून तितक्याच जास्त वेळा चेंडू ढकलतो, त्यामुळे अंतराला दोन फ्रेममधल्या वेळेने गुणावे लागते, हे सरांनी त्यानंतर सांगितले. आधी सांगितले असते तर मी ते केवळ पाठ केले असते.

गणिताची गत याच्या उलट झाली. सदिशांचा, म्हणजे दिशा असलेल्या राशींचा, विषय दुसऱ्या विभागाच्या प्राध्यापकांकडे होता आणि त्यांनी तो सिद्धतांसह अगदी चोख शिकवला. परंतु दोन सदिशांच्या अदिश गुणाकारावरून पहारेकऱ्याला खेळाडू समोर दिसतो आहे की तो त्याच्या पाठीमागे आहे हे ठरवता येते, हे एकदाही कोणी बोलले नाही. ते मला वर्षभराने एका व्हिडिओतून कळले. लेखी परीक्षा तीन तासांची, आणि तिच्यात सी-शार्पचे कोड कागदावर लिहायचे. अर्धविराम चुकला म्हणून गुण कापले गेल्याचे दुःख मी आता विसरले आहे, पण एकही खेळ सलग चालवून न दाखवता प्रथम श्रेणी मिळू शकते, ही गोष्ट मात्र विसरण्यासारखी नाही.

चित्र आणि ध्वनी यांविषयी थोडक्यात सांगते. ब्लेंडर हे मोफत सॉफ्टवेअर तिसऱ्या सत्रात नीट शिकवले जाते, आणि ज्यांचा हात मुळात चांगला आहे त्यांना त्याचा लाभ होतो; माझा नव्हता. ध्वनीला सगळे मिळून दोन श्रेयांक आहेत. तरीही आमच्या वर्गातील एका मुलाने मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जाऊन भोपळा घासण्याचे आणि तारा जुळवण्याचे आवाज मोबाइलवर टिपून आणले होते, आणि त्याच्या भुताच्या खेळात ते इतके भेसूर वाजले की प्रात्यक्षिक परीक्षेला आलेले परीक्षकही क्षणभर दचकले.

माझी सर्वांत मोठी तक्रार प्रकल्प सांभाळण्याच्या शिक्षणाबद्दल आहे. गटात काम करताना फाइलींचा इतिहास राखणारी गिट ही प्रणाली अभ्यासक्रमात पाचव्या सत्रात येते. तोवर चार जणांचे काम पेनड्राइव्हवरून फिरत असते आणि ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘हेच घ्या’ अशा नावांची फोल्डरे वाढत जातात. चौथ्या सत्रात सादरीकरणाच्या आदल्या रात्री आमच्या एका सहकाऱ्याने जागा मोकळी करावी म्हणून प्रकल्पातल्या ‘मेटा’ अशा शेपटीच्या शेकडो लहान फाइली काढून टाकल्या. त्या निरुपयोगी दिसतात खऱ्या, परंतु कोणते चित्र, कोणता आवाज आणि कोणते कोड एकमेकांशी जोडलेले आहे याची ओळख युनिटी त्यांच्याच आधारे ठेवते. सकाळी प्रकल्प उघडला तेव्हा सगळी सामग्री जागच्या जागी होती आणि एकही धागा जुळलेला नव्हता. काढायचेच होते तर ‘लायब्ररी’ नावाचे अवजड फोल्डर काढायला हवे होते, कारण ते इंजिन स्वतःच पुन्हा तयार करते. अर्ध्या तासात शिकवून होणारी ही गोष्ट चार सत्रे कोणी सांगितली नव्हती. त्या मुलाला आम्ही पुढे वर्षभर ‘मेटा’ म्हणत होतो, पण दोष त्याच्या एकट्याचा नव्हता.

अभ्यासक्रम एकाच इंजिनाला बांधलेला असण्याचे परिणाम आम्हाला दोनदा भोगावे लागले. पहिल्यांदा सप्टेंबर २०२३ मध्ये, जेव्हा युनिटीने ठरावीक मर्यादेपुढे खेळाच्या प्रत्येक नव्या इन्स्टॉलमागे शुल्क आकारण्याचा निर्णय जाहीर केला आणि जगभरातील खेळ करणारे संतापले. पुढे वर्षभराने, सप्टेंबर २०२४ मध्ये, कंपनीने तो निर्णय पूर्णपणे मागे घेतला. पण मधल्या काळात वर्गातील प्रत्येकाचा प्रश्न एकच होता : आपण शिकतो आहोत ते उद्या परवडेल का? विभागाचे उत्तर ‘अभ्यासक्रमात जे आहे ते आहे’ असे होते. प्रोग्रामिंगच्या सरांनी मात्र दोन शनिवार स्वतःहून दिले आणि गोडो हे मुक्त स्रोत इंजिन दाखवले. अर्जेंटिनातल्या दोघांनी सुरू केलेले आणि २०१४ मध्ये सर्वांसाठी खुले केलेले हे इंजिन वापरायला एक पैसाही लागत नाही. एकाच खेळाचे दोन इंजिनांत दोन अवतार करून पाहिल्यावर, खेळ कोणता आणि इंजिनाची सवय कोणती, हा फरक मला पहिल्यांदा स्पष्ट दिसला. ते दोन शनिवार अधिकृत वेळापत्रकात असायला हवेत.

दुसरा प्रसंग मराठीचा. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी आम्ही तोच पेवांचा खेळ मोबाइलवर आणायचे ठरवले आणि साहजिकच त्यातील मजकूर मराठीत हवा होता. ‘हळद’ आणि ‘भाव’ हे शब्द नीट उमटले. ‘किंमत’ लिहिल्यावर पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसली आणि ‘व्यापारी’मधले जोडाक्षर पाय मोडून वेगळे पडले. आम्ही आधी फॉन्टला दोष दिला आणि चार फॉन्ट बदलून पाहिले. खरे कारण असे होते की देवनागरीत अक्षरे नुसती एकापुढे एक ठेवून चालत नाहीत; त्यांचा क्रम आणि आकार शेजारच्या अक्षरांनुसार बदलावा लागतो, आणि युनिटीच्या ज्या आवृत्तीवर आम्ही शिकलो तिची मजकुराची नेहमीची व्यवस्था हे काम करत नव्हती. गोडोच्या चौथ्या आवृत्तीत ते मुळातच होते. म्हणून प्रकल्प गोडोत करण्याची परवानगी आम्ही मागितली. ती मिळायला तीन आठवडे आणि दोन अर्ज लागले, कारण अभ्यासपत्रिकेत युनिटीचे नाव छापलेले होते. सांगलीतल्या महाविद्यालयात मराठी खेळ करण्यासाठी अर्ज लिहावा लागला, याचे मला हसू येते आणि रागही येतो.

खेळ तयार करणे आणि तो लोकांपर्यंत पोहोचवणे यांत मोठे अंतर आहे, आणि हा अभ्यासक्रम ते अंतर जवळजवळ शिकवतच नाही. अंतिम मूल्यमापनात खेळाचा व्हिडिओ, ४० पानी आराखडा आणि तोंडी परीक्षा मागतात. खेळ प्रकाशित करण्याला एकही गुण नाही. आम्ही हट्टाने फेब्रुवारी २०२५ मध्ये प्ले स्टोअरचे वैयक्तिक खाते काढले. एकदाच भरायचे २५ डॉलर भरले आणि मग कळले की नव्या वैयक्तिक खात्याला खेळ सर्वांसाठी खुला करण्याआधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस बंदिस्त चाचणी करून घ्यावी लागते. बारा माणसे मिळवणे सोपे, ती चौदा दिवस टिकवणे अवघड. आमच्या यादीत माझे जुने अडत दुकानाचे मालक, मेटाची आत्या आणि महाविद्यालयाच्या दारातला भडंगवाला हे होते. दुकानाच्या मालकांनी चौथ्या दिवशी फोन करून सांगितले की हळद विकल्यावर भाव इतक्या लवकर पडत नाही, बाजाराला खबर लागायला एक दिवस जातो. आम्ही भावाची घसरण एका फेरीने पुढे ढकलली आणि खेळ लगेच अधिक चुरशीचा झाला. तीन वर्षांत मिळालेल्या सगळ्या अभिप्रायांत मी तो पहिल्या क्रमांकावर ठेवते.

नोकऱ्यांबाबत माहितीपत्रकातली भाषा फार उदार आहे. प्रवेश घेतलेल्या २८ जणांपैकी १७ जणांनी पदवी पूर्ण केली आणि त्यांतील चौघे आज खेळांच्या क्षेत्रात आहेत. माझ्यापुरते सांगायचे तर पुण्यातील एका छोट्या संघासाठी मी सांगलीतूनच लेव्हल डिझाइनचे, म्हणजे खेळातले टप्पे रचण्याचे, काम करते. मुलाखतीत गुणपत्रिका कोणी मागितली नाही. मोबाइल पुढे करून खेळ चालवायला सांगितले आणि पहिल्या आवृत्तीतला फासा का काढला यावर वीस मिनिटे विचारले. पुण्यात राहून मोठ्या तोलाचा खेळ करता येतो हे २०२० मध्ये आलेल्या ‘राजी’ या व्हिडिओ गेमने दाखवून दिले आहे, त्यामुळे संधीच नाहीत असे मी म्हणणार नाही. पण विभागाने भरतीसाठी बोलावलेल्या कंपन्यांत पैसे लावून खेळायच्या पत्त्यांच्या ॲपचीही एक कंपनी होती. ऑगस्ट २०२५ मध्ये अशा खेळांवर बंदी आणणारा केंद्राचा कायदा आला आणि तिथे लागलेल्या आमच्या एका वर्गमित्राची नोकरी दोन महिन्यांत गेली. विद्यार्थ्याला नोकरी देणारी कंपनी कशावर कमावते, हे सांगणे विभागाचे काम होते असे मला वाटते.

ज्याला घरी बसून व्हिडिओ पाहत स्वतः शिकण्याची चिकाटी आहे त्याने केवळ युनिटी शिकण्यासाठी इथे येऊ नये; ते साहित्य मोफत आणि अधिक ताजे मिळते. ज्याला खेळाचे नियम घडवायचे आहेत आणि समोर बसून प्रामाणिकपणे खेळणारी वीस-पंचवीस माणसे हवी आहेत, त्याला पहिल्या सत्राची ती मॅडम आणि प्रोग्रामिंगचे ते सर अजून तिथे आहेत का, एवढी चौकशी करून प्रवेश घ्यायला हरकत नाही. लॅपटॉपचे पैसे आधी बाजूला ठेवावेत आणि गिट पहिल्याच महिन्यात स्वतः शिकून घ्यावे.

प्रवेशाआधी विभाग पाहायला गेलात तर ते मोठ्या पडद्यावर मागच्या वर्षांच्या प्रकल्पांची चित्रफीत दाखवतील. ती पाहून झाल्यावर तिथल्या लोखंडी कपाटात, खालच्या कप्प्यात ठेवलेली पुठ्ठ्याची पेटी मागून घ्या आणि सोबत आलेल्या तिघांना घेऊन एक डाव खेळा. पाणीपातळीची सोंगटी हरवली आहे. तिच्या जागी शर्टाचे निळे बटण आहे.